अण्णांचे पाय

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि अण्णा चालत बाहेर आले. अंगात हिरवा गाऊन, डोक्याला कागदी टोपी, उजव्या डोळ्याभोवती पिवळं औषध फासलेलं, पायात काही नाही. मागून सिस्टर धावत आली. "बाबा, अहो बाबा, असं टेबलावरून उठता येत नाही!" अण्णांनी तिच्याकडे बघितलंही नाही. भिंतीला हात लावत ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले आणि पुन्हा वळले.

बाकावर माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं पदर सावरला. "मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "हा माणूस आजवर कुठं टिकलाय का?"

मी उठून अण्णांच्या बरोबरीनं चालू लागले. "अण्णा, काय झालं? भीती वाटली का?"

"भीती काहाची?"

"मग?"

"निजवत नाही मले तिथं," ते म्हणाले आणि चालत राहिले.

त्याला आता अठराएक वर्षं झाली. मी नाशिकला पोस्टात होते. रजा टाकून भुसावळला आले होते ती या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठीच. अण्णा सत्तरी ओलांडलेले. डाव्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळायचा आणि उजव्यातही सगळं धुरकट झालेलं. याआधी दोनदा डॉक्टरांनी तारीख दिली होती, दोन्ही वेळा ते गेलेच नव्हते. त्या उन्हाळ्यात गल्लीत उभ्या असलेल्या हातगाडीवर आदळून कपाळ फोडून घेतलं, तेव्हा आईनं मला फोन केला. "तुझ्या बापाले जळगावले घेऊन जा. मी सांगून ऐकायचे नाहीत."

खरं म्हणजे तिनं सांगितलंच नव्हतं. माझे आईवडील एकमेकांशी बोलत नसत.

भांडतही नसत. ती स्वयंपाक करायची, ते भाजी आणायचे. काही सांगायचं झालं तर आई भिंतीकडे बघून बोलायची, नाहीतर मला मध्ये घालायची. अण्णा ताटावर बसलेले असतानाही म्हणायची, "विचार, भात वाढू का."

कारण सगळ्या रेल्वे क्वार्टरांना माहीत होतं. अण्णा पार्सल ऑफिसात होते. लोक रात्रपाळी टाळायचे, हे मागून घ्यायचे. पाळी नसली तरी रात्री उठून घराबाहेर पडायचे आणि पहाटे परत यायचे तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला असायचा. आमच्या रांगेच्या शेवटी रेल्वे दवाखान्यातल्या सुमन नर्स राहायच्या. विधवा होत्या, एकट्या होत्या. आईनं एकदा पहाटे अण्णांना त्यांच्या दारातून येताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा नववीत होते. त्या सकाळी आईनं स्वतःचं अंथरूण उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. ते तिथून परत आलं नाही. पुढं सुमनबाईंची बदली झाली, त्या वारल्याही. आम्ही क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात गेलो. अंथरूण नव्या घरातही स्वयंपाकघरातच पडलं.

अण्णांच्या दहा-बारा फेऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. डॉ. सरोदे म्हणजे चाळिशीच्या बाई. रागावल्या असतील असं वाटलं होतं, पण दमलेल्या दिसत होत्या. दिवसभराची ऑपरेशनं उरकत आलेली आणि शेवटच्या पेशंटनं असं केलेलं.

"आजोबा, दुखलं का?"

"नाही."

"मग पाय का हलवत होतात? तुमचा पाय हलला की डोकं हलतं. मी तिथं डोळ्यात सुई घालून बसलेली असते. काही वेडंवाकडं झालं असतं तर?"

अण्णा मान खाली घालून उभे होते. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाई, पाय ठेववत नाहीत."

"म्हणजे कसं?"

"दुखत नाहीत. मुंग्याही नाहीत म्हणता यायच्या. आत, पार हाडाच्या आत, कोणी किडे सोडल्यासारखं होतं. हलवले की थांबतं. निजलो, बसलो की पुन्हा सुरू."

"संध्याकाळपासून जास्त?"

अण्णांनी मान वर केली. "तुमाले कसं कळलं?"

"मुलाच्या वेळी पोटुशी होते तेव्हा तीन महिने मी रात्री घरभर फिरलेय," डॉक्टर म्हणाल्या. "बाळंत झाले आणि गेलं. तुमचं किती दिवसांचं आहे?"

"लग्नाआधीचं. माझ्या बापालेही होतं. तो तर शेतात जाऊन चालायचा."

"याला नाव आहे, आजोबा. रेस्टलेस लेग्ज म्हणतात. हा भित्रेपणा नाही आणि वेड तर नाहीच नाही." मग त्यांनी चौकशी सुरू केली. आज काय काय खाल्लं-प्यायलं? सकाळपासून नंबर लागायची वाट बघत बसून होतो आम्ही. दुपारचे चार वाजून गेले होते. तेवढ्या वेळात अण्णांनी कँटीनचा चहा कितीदा घेतला ते त्यांनाही सांगता येईना. तंबाखूची पुडी खिशातच होती. आणि आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली होती, टेबलावर शिंक येऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "ती गोळी म्हणजे आगीत तेल. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी पाय जास्त उसळतात. चुकी तुमची नाही, विचारायला आम्ही हवं होतं."

"यावर गोळी नाही का?" मी विचारलं.

"आहेत. पण यांचं वय, यांचं बीपी... आधी बिनगोळ्यांचं काय जमतं ते बघू. रक्त तपासा, लोह किती आहे ते कळू दे. दुपारनंतर चहा बंद. तंबाखू तर कायमचीच बंद."

"मग जगायचं काहाले?" अण्णा म्हणाले.

"बघायला," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मला एक सांगा, त्रास होतो तेव्हा तुम्ही काय करता? कशानं बरं वाटतं?"

"चाललं की. नाहीतर गार पाण्यानं. पूर्वी क्वार्टरात असताना रात्री उठून सार्वजनिक नळाखाली पाय धरायचो. पायजमा भिजायचा, पण घडीभर गप बसायचे."

माझ्या मागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आई उठून बाहेर निघून गेली होती.

परतीच्या एसटीत जागा असूनही अण्णा दारापाशी दांडी धरून उभे राहिले. आई खिडकीला डोकं टेकून होती. मी दोघांच्या मध्ये. पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि पुढची तारीख मिळेपर्यंत रजा वाढवायची होती.

घरी आल्यावर मी पिठलं टाकलं. अण्णा उभ्याउभ्याच जेवत होते, हातात ताट घेऊन. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. पाठ न वळवता ती म्हणाली, "घरात पाणी नव्हतं?"

मला वाटलं मलाच विचारतेय. पण अण्णांचा घास हातातच राहिला.

"घरातला नळ दोन दिवसाआड यायचा," ते म्हणाले. "हंड्यातलं पाणी पिण्याचं. ते पायावर ओतू?"

"मले का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"त्याच सकाळी. पाय गप बसत नाहीत म्हणून नळावर गेलो होतो म्हटलं. तू म्हणाली, नर्सबाईच्या दारात बरे गप बसतात."

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती काढून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. थापता थापता विचारलं, "अन् ती?"

"तिच्या दारापुढंच नळ. तिनं एकदा विचारलं, भाऊ, काय होतं. सांगितलं. तिनं एक बादली दिली. म्हणे पाय बुडवून बसा, पायरीवर. बस, एवढंच."

"एवढंच," आई म्हणाली. तिला ते पटलं होतं की नाही हे मला कळलं नाही. अण्णा ताट धुऊन फिरायला निघून गेल्यावर ती मला म्हणाली, "डॉक्टरीन काहीही सांगते. सूज नाही, जखम नाही, असं कुठं दुखणं असतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा ओसरीवरच्या खाटेवर पडले होते. रात्री फारसे निजत नसल्यानं दुपारी त्यांना गुंगी यायची. आई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्याशी बसली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठले तर तिचे हात थांबलेले. ती अण्णांच्या पायांकडे बघत होती. अण्णा घोरत होते आणि त्यांचा उजवा अंगठा वर उचलला जात होता, मग घोटा, मग सगळा पाय गुडघ्यात आखडायचा आणि सैल पडायचा. थोडा वेळ जायचा, पुन्हा तसंच. जणू झोपेतही ते कुठं तरी चालले होते.

"हे नेहमी होतं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत, आई. मी नाशिकला असते."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "झोपेत माणूस सोंग कसं करेल?"

त्या दिवसापासून तिनं अण्णांचे पाय ताब्यात घेतले. प्रेमानं म्हणवत नाही, तिच्या नेहमीच्या कडक रीतीनं. चहाची पत्ती दुपारी तिच्या लुगड्यांच्या पेटीत जायची. तंबाखूची पुडी तिनं माझ्यासमोर चुलीत टाकली, अण्णा बघत राहिले. रक्तात लोह कमी निघालं तेव्हा म्हणाली, "निघणारच, जेवणावर चहा ओतत असतात." डॉक्टरांनी लोहासाठी वेगळं औषध दिलं ते दिलंच, पण ताटात रोज पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेलं. दिवेलागणीला गरम पाण्याची बादली, त्यात अण्णांनी पिंडऱ्या बुडेपर्यंत पाय सोडून बसायचं. पाणी निवालं की उठून भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागं, टाच जमिनीला घट्ट, पिंडरीला ताण बसेपर्यंत. हे डॉक्टरांनी दाखवलं होतं. अण्णा म्हणायचे, "भिंत ढकलू राह्यलो मी या वयात."

मग तळपायाला तूप लावून काशाची वाटी. आईनं ती मला दिली. "तू घास." मी घासू लागले. पोस्टातल्या माझ्या हाताला कुठला त्याचा सराव? अण्णांचा पाय सारखा झटका देऊन सुटायचा.

"अशी नाही," आई म्हणाली. "टाचेकडून वर ओढ. दाबून. अगं दाबून!"

"तूच घे मग," मी वैतागून वाटी तिच्यापुढं केली.

ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला आणि घासू लागली. तिचा हात लागला तसा अण्णांनी पाय सैल सोडला. मी उठून आत गेले, उगाच भांडी आवरत बसले. तळपाय काळा होईपर्यंत वाटीचा आवाज येत होता.

हे सगळं केलं आणि पाय शांत झाले, असं मात्र काही झालं नाही. एखादी संध्याकाळ बरी जायची. एखाद्या दिवशी पाणी, वाटी, भिंत सगळं करून अण्णा अंथरुणावर टेकायचे आणि ताडकन उठून बसायचे. शेजारच्या काकूंनी पिंडऱ्या घट्ट बांधून निजायला सांगितलं. तसं केलं तर पाय गार पडले आणि वर उसळायचे ते उसळलेच. अण्णा चिडायचे, "राहू दे ना, आंधळा होऊन मेलो तरी काय बिघडतं." आई म्हणायची, "मरा हवं तर, पण आधी पाय पाण्यात घाला." दोघांचे चेहरे उतरलेले असायचे. माझाही. सकाळी तिघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायचो, दिवसाचा तेवढाच एक.

जेवणाआधी चालणं होतंच. आधी अण्णा एकटे जायचे. एक दिवस आई चपला घालून मागं निघाली. दिसत नसताना हातगाडीवर पुन्हा आदळले तर, म्हणून. ती दहा हात मागून चालायची. आठवड्याभरानं बरोबरीनं चालू लागली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं विचारलं, "काय मावशी, आज जोडीनं?" तर म्हणाली, "ह्यायच्या पायायले फिरवून आणते." गल्लीभर हसू झालं. अण्णाही हसले. मी त्यांना हसताना बघून किती वर्षं झाली होती ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पुन्हा तारीख मिळाली ती सकाळची, पहिल्या नंबरची. डॉक्टरांनीच तशी दिली होती. जळगावच्या स्टँडवरून आम्ही रिक्षा न करता चालत गेलो. थिएटरच्या दाराशी डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "आज ठेववतील ना?"

"सांगता येत नाही," अण्णा म्हणाले. "दाबून धरले तर राहतील."

"मी सिस्टरला सांगते."

"सिस्टरले जमायचं नाही." त्यांनी आईच्या बाजूला मान केली. "हिचा हात बरोबर बसतो."

आई दचकली. "मी? आत?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "चक्कर येणार नाही ना? मग हात धुवा कोपरापर्यंत. गाऊन घाला. पायांशी बसायचं, वर बघायचं नाही."

दाराला एक गोल काच होती. त्यातून मी पाहिलं. अण्णांचं तोंड कापडाखाली झाकलेलं, फक्त डोळ्यापुरतं भोक. वर झगझगीत दिवा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी आई, तिच्या मापाला फार मोठ्या गाऊनमध्ये, टोपीतून पांढरे केस सुटलेले. चादरीखाली तिचे हात हलताना दिसत होते. एकदा या पिंडरीवर, एकदा त्या. मध्येच चादर उचलली गेली. डॉक्टरांचे हात जागच्या जागी थांबले. आईनं पुढं झुकून तो पाय दोन्ही हातांत आवळला आणि अंगाचा भार टाकला. सगळे तसेच थांबून. मग चादर खाली बसली आणि डॉक्टरांनी काम पुढं सुरू केलं. मी काचेपासून बाजूला झाले. मला बघवत नव्हतं.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. ती बाकावर बसली, बोटं उघडून मिटून बघू लागली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. नीट झालं म्हणे."

मी तिच्यासाठी पाणी आणलं. ती प्यायली नाही, ग्लास नुसता धरून बसली. मी म्हटलं, "आई, आता तरी मनातलं काढून टाक. त्यांना एकदा बोलून टाक."

"काय बोलू?"

"जे काही असेल ते."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, जसं आयुष्यभर बघून बोलत आली तसं. "त्या रागावर मी घर चालवलं, हेमा. सकाळी उठले की आधी तो राग आठवायचा, मग पाणी तापवायचे. माझं तेवढंच खरं होतं. अन् आता कळतं की त्याच्या बुडाशी एक बादली होती. मी कशावर उभी राहू, सांग."

मी तिच्या हातातला ग्लास घेतला, कारण तो कलंडत होता.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांना घराबाहेर जायची बंदी होती. धूळ, धक्का, काहीच लागायला नको होतं. डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी. जेवणं झाली तशी आईनं बादली, वाटी, सगळं ओसरीवर नेलं. मी दमून आतल्या खोलीत आडवी झाले ती सकाळीच जागी झाले.

बाहेर आले तर ऊन खाटेपर्यंत आलेलं. अण्णा उशीला पाठ लावून बसलेले, पाय लांब केलेले. पायथ्याशी आई, भिंतीला टेकून, मान एका बाजूला कललेली, गाढ झोपलेली. अण्णांचे दोन्ही पाय तिच्या मांडीवर होते आणि तिचा एक हात त्यांच्या घोट्यावर तसाच राहिलेला.

"अण्णा," मी हळूच विचारलं, "झोप लागली का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हिले लागली."

"आणि तुम्हाला?"

"मले कुठली? रात्रभर उसळत होते. फार."

त्यांचा चेहरा ओढलेला होता, उघडा डोळा लाल झालेला. मी म्हटलं, "मग उठून ओसरीवरच दोन फेऱ्या मारायच्या."

अण्णांनी आईकडे बघितलं. तिच्या मांडीवरचा पाय त्यांनी तेव्हाही हलवला नाही. "उठलो असतो तर हिची झोप मोडली असती," ते म्हणाले. "पुन्हा हिनं पहिल्यासारखं विचारलं असतं, कुठं चालले."